यादीतला पहिला नंबर

अंबादास, तुझा फ्लेक्स लागला. रक्तपेढीच्या फाटकावर, डाव्या हाताला, जिथं उभं राहून आपण रोज चहा प्यायचो तिथंच. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुझं नाव आणि नावाच्या आधी 'संगणकमहर्षी'. ही पदवी तुला कुणी दिली म्हणून मी चौकशी केली. फ्लेक्सवाला म्हणाला, साचा तयार असतो साहेब, मागच्या आठवड्यात एक सहकारमहर्षी गेले, त्यांच्यातला पहिला शब्द तेवढा बदलला. फोटो कुठल्याशा रक्तदान शिबिराच्या ग्रुप फोटोतून कापलेला आहे. कापणाऱ्याला घाई असावी, कारण तुझ्या खांद्यावर चार बोटं राहून गेलीत. ती माझी आहेत. खाली सगळ्या विश्वस्तांचे फोटो आहेत, जवळजवळ तुझ्याएवढेच मोठे आणि हसरे, त्यामुळं नेमकं कोण गेलं हे कळायला रस्त्यावरच्या माणसाला जरा वेळ लागतो.

शोकसभाही झाली. अध्यक्षांनी दोनदा तुझं नाव चुकवलं, तिसऱ्यांदा कुणीतरी चिठ्ठी दिली. "आयुष्याला बॅकअप नसतो," असं म्हणून ते थांबले. वाक्य संपलं की टाळ्यांसाठी थांबायची त्यांना सवय आहे. पुढच्या रांगेतल्या दोघांचे हात उठलेही होते, पण प्रसंग लक्षात येऊन त्यांनी ते मांडीवर ठेवले. तू शेजारी असतास तर कानात म्हणाला असतास, "ह्यांनी कधी घेतलाय का बे बॅकअप?" शेजारची खुर्ची तेवढी रिकामी होती. मी तिकडं बघितलं नाही.

शाळेपासूनचा मित्र म्हणून मलाही बोलायला सांगितलं. उभा राहिलो, तुझं काम नेमकं काय होतं ते सांगावं असं ठरवलं, आणि लक्षात आलं की त्याला एक अख्खी दुपार लागेल. समोरच्यांना वाटेल, मित्र गेला म्हणून ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. दोन वाक्यं बोलून बसलो. तेव्हापासून ते सगळं तोंडाशी येऊन अडकलंय. तुला माहीत असलेलंच तुला सांगणं हा मूर्खपणा आहे, पण दुसरं कुणी ऐकून घेईल असं वाटत नाही.

तुझं काम म्हणजे एका फाईलची राखण. तळमजल्यावरच्या त्या मशीनमधली साधी मजकुराची फाईल, एका स्क्रीनवर मावेल एवढी. रक्ताच्या पिशव्यांच्या फ्रीजचं तापमान किती वर गेलं की ओरडायचं, आणि ओरडायचं तर कुणाच्या नावानं, एवढंच तिच्यात लिहिलेलं. पहिला नंबर तुझा. मेसेज आला की तू 'बघतो' असं उत्तर धाडायचं. पंधरा मिनिटांत ते आलं नाही, तर मेसेज दुसऱ्या नंबरला, म्हणजे मला. तिसरा नंबर नाही.

सुरुवातीला तूही ती फाईल चारचौघांसारखीच बदलायचास. उघडायची, हवं ते खोडायचं, बंद करायची. एका उन्हाळ्यात चार अंशांवर इशारा यायचा. नर्सनं दार जरा उघडं ठेवलं तरी यायचा. म्हणून तू चारचा पाच करायचं ठरवलंस. शोधत बसायचा कंटाळा, म्हणून मशीनला एका ओळीची आज्ञा दिलीस: चार दिसेल तिथं पाच कर. मशीननं ऐकलं. तापमानातला चार बदलला, आणि तुझ्या-माझ्या फोन नंबरांतले चारही बदलले.

पुढचा भाग मी तुला इतक्या वेळा ऐकवला की तू कान झाकून घ्यायचास. दुपारी कार्यालयातला फोन वाजला.

"सायेब, तुमचा मेसेज आलाय. फ्रीज तीन गरम झाला म्हणं."

"आपण कोण बोलताय?"

"दुधनीवरनं बोलतूय. शेळ्यामेंढ्यांचा व्यापार हाय आमचा. आमच्यात फ्रीज येकच हाय, अन् त्ये बी गरमच असतंय. ह्याच्यात रगताचं काय तरी लिवलंय. भानगड न्हाय न्हवं काय?"

भानगड होती. त्या माणसानं मेसेजखालचा नंबर बघून फोन केला नसता, तर फ्रीज तीनमधल्या पिशव्या गेल्या असत्या. पिशव्या वाचल्या. तो पुढं प्रत्येक उन्हाळ्यात एकदा तरी फोन करून विचारायचा, "ह्या साली गरम न्हाय झाला व्हय?" मी हसायचो. तू कधीच हसला नाहीस. त्या दिवशी डबाही उघडला नव्हतास. शेंगाचटणीचा वास येत होता आणि तू नुसता झाकणावर बोटं वाजवत होतास.

मग तू ती स्क्रिप्ट लिहिलीस. स्क्रिप्ट म्हणजे मशीननं कुठलं काम कशानंतर करायचं त्याची लेखी आज्ञा, एवढं मला कळलं होतं. पहिला नियम: मूळ फाईलला हात लावायचा नाही. तुझे वडील यंत्रमागावर होते. चालत्या मागात धोट्याला हात घातला की बोट जातं, हे तू चालायला लागायच्या आधीपासून ऐकलेलं. "तसंच हाय बे," तू म्हणालास, "मशीन ती फाईल वाचत असतंय. आपण अर्धी लिहिली असताना वाचली तर? अर्ध्याच नंबरला मेसेज लावत बसंल." म्हणून आधी जुनीची नक्कल, तारीख आणि वेळ नावात घालून, बाजूला ठेवायची. मग दुसरी नक्कल काढून बदल तिच्यात करायचा. बदलायची ओळ फाईलमध्ये एकदाच सापडली पाहिजे. सापडली नाही किंवा दोनदा सापडली, तर स्क्रिप्ट हात वर करून बाहेर. बदल आधीच झालेला असला तर पुन्हा करायचा नाही. जुनी फाईल ज्यांना वाचता येत होती त्यांनाच नवी वाचता यावी. इशारा देणाऱ्या प्रोग्रॅमला नवी फाईल आधी नुसती वाचायला द्यायची, त्याला ती समजली तरच पुढं. आणि शेवटी एका झटक्यात नवी जुनीच्या जागी, मध्ये काही नाही.

"एका आकड्यासाठी एवढा समारंभ?" मी विचारलं.

"समारंभ नव्हे बे. समारंभात कोण काय तपासतंय?"



त्यात माझी नेमणूक झाली ती चहाच्या गप्पांतून. मी इथं कार्यालय अधीक्षक होण्याआधी एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. तिथं एकजण मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविरामासकट, आणि दुसरा छापील कागदावर बोट ठेवून बघायचा. हे मी तुला गंमत म्हणून सांगितलं. तू ते स्क्रिप्टमध्ये घातलंस. बदल करण्याआधी मशीन फक्त फरक दाखवणार: जाणाऱ्या ओळीपुढं वजा, येणाऱ्या ओळीपुढं अधिक. ज्यानं बदल केला त्यानं नव्हे, दुसऱ्यानं त्या ओळी मोठ्यानं वाचायच्या, एकेक आकडा सुटा. वाचून झालं की अदलाबदल, मग चाचणीचा एक मेसेज. तो नीट पोचला तर वाचणाऱ्यानं एक शब्द टाइप करायचा. पाच मिनिटांत तो शब्द आला नाही, तर स्क्रिप्टनं समजायचं काहीतरी बिनसलंय, आणि आपण होऊन जुनी फाईल परत ठेवायची. "लाईट गेली, माणूस चक्कर येऊन पडला, अध्यक्षांनी वर बोलावलं, काय बी होऊ शकतंय," हे तुझं स्पष्टीकरण.

शब्द होता 'सरे'. तुझ्या घरातलं तेलुगू 'ठीक आहे'. होकारासाठी इंग्रजी 'वाय' दाबायची बोटाला सवय लागते, डोकं जागं व्हायच्या आत ते दाबलं जातं, म्हणून तू आईचा शब्द घेतलास.

मी म्हणालो, मला ह्यातलं काही कळत नाही, कुणी जाणकार बसव.

"जाणकार वाचत नसतोय दत्त्या. ओळखतोय. दोन अक्षरं बघितली की पुढचं त्याच्या डोक्यातनं येतंय. तुला काय कळत नाही, म्हणून तू सगळं वाचतोस."

हे कौतुक की अपमान, ह्यावर आपण बरीच वर्षं चहा प्यालो. निकाल लागला नाही.

तिसऱ्या नंबराचं भांडण मात्र चहावारी नेण्यासारखं नव्हतं. मी म्हणत होतो, आपल्यातला एक गावाला गेला आणि दुसऱ्याचा फोन बंद पडला तर? तिसरा टाक, चौथा टाक, हवं तर अध्यक्षांचा टाक, त्यांनाही काही काम मिळेल.

"तिसरा टाकला की पहिले दोघं झोपतात," तू म्हणालास.

"आपण झोपू?"

"तू बी, मी बी. कुणीतरी बघंल म्हणून. दोघंच असलं की कसं, आपण नाही बघितलं तर मागं एकच माणूस उरतोय हे ध्यानात असतंय."

"हा निव्वळ हट्ट आहे. एक दिवस महागात पडेल."

"पडू दे की. तवा बोलू."

तू कसा गेलास ते मी लिहीत नाही. तारीख फ्लेक्सवर आहे. एवढंच म्हणतो, की अर्धवट वाद टाकून जाणं तुझ्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

तुला पोचवून आलो आणि दोन-तीन दिवसांतच दुपारी लाईट गेली. जनरेटर घरघर करत राहिला, चालू होईना. मशीननं यादी बघितली आणि तुला मेसेज पाठवला. तुझा फोन वहिनींकडं. त्यांनी मला लावला.

"अण्णा, ह्यांच्या फोनवर आलंय. फ्रीज दोन गरम झालाय म्हणतंय. मी काय करू?"

मी खाली पळालो, पिशव्या दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवून घेतल्या, वर येऊन त्यांना फोन केला. "झालं का थंड?" त्यांनी विचारलं. झालं म्हणालो. "बरं," म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. "अण्णा, फ्रीज दोन. बघा." अगदी तुझा सूर. जिना उतरता उतरता मी "आलो बे" म्हणून गेलो. त्यांनी ऐकलं असावं.

नंबर काढायला हवा हे सांगायला मी जुळे सोलापुरात तुमच्या फ्लॅटवर गेलो. दाराबाहेर अजून चपलांचा ढीग होता. आतल्या खोलीत कुणीतरी कुणाला तुझे शेवटचे तास सविस्तर समजावत होतं. समजावणारा तिथं नव्हता, हे मला माहीत होतं. वहिनींनी उप्पिटाची बशी हातात दिली.

"वहिनी, तो नंबर आता काढावा लागेल."

"कशाला?"

"तुम्हाला त्रास."

"त्रास माणसांच्या फोनचा होतो, अण्णा. कसं झालं, आधी काही होत होतं का, डॉक्टरला का नाही दाखवलं. सगळ्यांना तेच तेच सांगायचं. ह्या मेसेजला काही सांगावं लागत नाही. तो ह्यांनाच आलेला असतो." बशीकडं बघत म्हणाल्या, "राहू द्या की. मी कुठं जाते? आला की तुम्हाला फोन करते. दोनदा केलाच की."

मी 'बघू' म्हणालो. आपल्या कार्यालयात 'बघू' म्हणजे नाही. तिथं मात्र मी तो शब्द खऱ्या अर्थानं वापरला, कारण मला खरंच काही दिसत नव्हतं.

मग तुझा दहावा. आलेल्यांच्या फोनला कंटाळून वहिनींनी तुझा फोन बंद करून कपाटात ठेवला होता. विधी चालू म्हणून माझा खिशात, आवाज बंद करून. आणि रक्तपेढीत लाईट गेली. मशीननं तुला कळवलं. पंधरा मिनिटं तुझ्या उत्तराची वाट बघितली. मग मला कळवलं. यादीतला पहिला माणूस पिंडाच्या रूपात पाटावर होता आणि दुसरा त्याच्या समोर हात जोडून बसला होता. बरं तर बरं, रजेवरून लवकर परतलेली एक नर्स सहज फ्रीजकडं गेली आणि तिनं काटा बघितला. पिशव्या वाचल्या. मला हे जेवणाच्या पंगतीत कळलं. महागात पडलं म्हणावं, तर पडलं नव्हतं. बोलू म्हणाला होतास, तर बोलायला तू नव्हतास.

तुझ्या जागी विश्वस्तांनी एका एजन्सीकडून प्राजक्ता नावाची बाई पाठवलीय. मूळची टेंभुर्णीची, कामाला चोख, बोलायला त्याहून. तिला मी सांगितलं, यादीतलं पहिलं नाव बदलायचंय.

"एवढंच ना सर? एक ओळ हाय की. फाईल उघडते, खोडते, झालं."

"उघडायची नाही. त्याची स्क्रिप्ट आहे."

तिनं ती उघडून वाचायला घेतली. खाली, खाली, अजून खाली जात राहिली. "सर, एका ओळीसाठी एवढं? हे लई घाबरट होते का हो?"

ती वाचत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "घाबरट न्हवते, सर. ह्यांनी एकदा मार खाल्लेला दिसतोय."

मी तिला दुधनीचा किस्सा सांगितला. ती मनसोक्त हसली. तुझ्यानंतर त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसलं, आणि मला राग आला नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं. तुझ्या त्या लांबलचक आज्ञेतून एक अनोळखी बाई तुला बरोबर ओळखत होती. शोकसभेत जे कुणाला जमलं नाही ते.

वहिनींचं मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं सरळ उपाय काढला. "मग ह्यांचा नंबर तिसरा राहू द्या की. पहिला माझा, दुसरा तुमचा. काय बिघडतंय? मेसेज जाईल नुसता."

काहीच बिघडत नव्हतं, अंबादास. वहिनींचं मन राहिलं असतं, आणि आपल्या भांडणात मी जिंकलो असतो. दोन दिवस मी ते मनात घोळवलं. पण मेलेल्या माणसाशी वाद जिंकणं हे मला अध्यक्षांचं काम वाटतं. आणि खरी अडचण दुसरीच होती. तुझं म्हणणं मला पहिल्यांदाच पटायला लागलं होतं. तिसऱ्या नंबरावर वहिनी आहेत, त्या फोन करणारच, हे प्राजक्ताला माहीत असणार आणि मलाही. मग एखाद्या दुपारी आम्ही दोघं जरा सैल होणार. म्हणजे रक्तपेढीचा शेवटचा पहारा त्यांच्यावर टाकायचा. त्यांनी भाजी आणायला जाताना तो फोन न्यायचा, अंघोळीला जाताना दाराशी ठेवायचा, माहेरी गेल्या तर तिथंही. त्या आनंदानं करतील, हेच वाईट होतं. पुन्हा, हा विचार बरोबर की मी माझ्या सोयीनं तो केला, हे विचारायला जो माणूस होता त्याचाच नंबर काढायचा होता.

दुपारचं काम उरकल्यावर आम्ही बसलो. प्राजक्तानं स्क्रिप्ट चालवली. नक्कल झाली, ओळ एकदाच सापडली, प्रोग्रॅमला समजली. मग पडद्यावर दोन ओळी.

मी वाचायला लागलो. "वजा. पहिला. अंबादास." आणि पुढं तुझा नंबर धाडधाड म्हणून टाकला.

"सर, थांबा," प्राजक्ता म्हणाली. "तुम्ही वाचत न्हाय. पाठ म्हणताय. एकेक आकडा."

जाणकार वाचत नसतो, ओळखतो, हे तुझं म्हणणं तिनं मला लावलं, आणि ते तुझं हे तिला माहीतही नव्हतं. तुझा नंबर मला ओळखू येत होता, आणि म्हणून मी त्या कामाला नालायक ठरलो होतो. मी पुन्हा सुरुवात केली. पडद्यावर बोट ठेवून, एकेक आकडा सुटा. इतका सावकाश मी तो आयुष्यात कधी उच्चारला नव्हता.

"अधिक. पहिला. प्राजक्ता." तिचा नंबर मला येत नव्हता. तो मी उत्तम वाचला.

अदलाबदल झाली. तिच्या फोनवर चाचणीचा मेसेज वाजला. "आला, सर." आता माझा शब्द. मी हात कीबोर्डवर ठेवले. 'सरे'ची चार इंग्रजी अक्षरं टाइप करायची होती. मी ती केली नाहीत. का, ते विचारू नकोस. विचार काही चालू नव्हता. मी पडद्याकडं बघत राहिलो, प्राजक्ता माझ्याकडं, मग तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसायला घेतला. पाच मिनिटं संपली. आणि पडद्यावर तू लिहून ठेवलेली ओळ उमटली: 'उत्तर आले नाही. जुनी फाईल परत ठेवली आहे. काळजी नसावी.'

तू पुन्हा यादीत पहिला होतास.

हे वाक्य तू कधी लिहिलंस, कुठल्या दुपारी, मला माहीत नाही. 'काळजी नसावी' लिहायची गरज नव्हती, मशीनला काही फरक पडत नाही. समोर बसलेला माणूस त्या क्षणी घाबरलेला असणार हे तुझ्या लक्षात आलं होतं. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती, मानले असते तर "तब्येत बरी हाय ना बे?" म्हणाला असतास. आता मानतो. ह्याचा तुला उपयोग नाही, आणि मलाही फारसा नाही.

"सर, परत चालवू?" प्राजक्तानं विचारलं.

चालव म्हणालो. पुन्हा वाचलं, वजासकट. आणि ह्या वेळी टाइप केलं.

चारच दिवसांनी दुपारी लाईट गेली. मेसेज प्राजक्ताला गेला, तिनं लगेच 'बघते' पाठवलं. मी खाली पोचलो तोवर पिशव्या हलल्याही होत्या. सगळं तुझ्या स्क्रिप्टप्रमाणं. संध्याकाळी मी जुळे सोलापुरात गेलो. वहिनींना सांगायलाच हवं होतं, नंबर काढला म्हणून. वाटेत गाडीवर मी वाक्यं जुळवली होती. चपलांचा ढीग आता नव्हता. वहिनींनी दार उघडलं तेव्हा तुझा फोन त्यांच्या हातात होता.

"अण्णा, दुपारी तिकडं लाईट गेली होती का?"

"गेली होती. थोडा वेळ."

"इथंपण गेली होती. मी फोन घेऊनच बसले होते. मेसेज आला नाही."

मी बोलायला तोंड उघडलं.

"म्हणजे जनरेटर लगेच चालू झाला असणार," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच मागं लागून दुरुस्त करून घेतला होता ना?"

जनरेटरशी तुझा काडीचा संबंध नव्हता, अंबादास, आणि तो अजून बंदच आहे. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही.

मी हो म्हणालो.

"चांगला चालतोय म्हणजे," त्या म्हणाल्या, आणि फोन चार्जिंगला लावून चहा ठेवायला आत गेल्या.